कुऱ्हाडीचा पत्ता

११ ऑक्टोबर

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं खुशाल असालच. मीही मजेत आहे. थंडी अजून उंबरठ्यावर उभी आहे, आत यावं की नाही याचा विचार करतेय.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नका. घरचा फोन बबी उचलते आणि तुमचा मोबाइलही तीच उचलते, हे मला आता अनुभवाने कळलंय. आपला विषय कागदावरच बरा.

कुऱ्हाड पोचली. खोक्यात भुसा, भुशात कागद, कागदात कुऱ्हाड आणि पात्यावर चामड्याची टोपी. लग्न झाल्यावर मलासुद्धा कुणी एवढं जपून सासरी पाठवलं नव्हतं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की ही तीन पिढ्या टिकते. पहिल्या पिढीची मी, आणि माझे गुडघे बघता मला घाई करायला हवी. उरलेल्या दोन पिढ्यांचं तुम्ही बघा.

तुमचे आभार कसे मानू? बबीच्या बाबांच्या जुन्या कुऱ्हाडीचा दांडा चिरला, हे मी नुसतं तुमच्या कानावर घातलं होतं. तुम्ही थेट उंची मालच धाडलात. बबीने पाठवलेला विजेचा हीटर जागेवर आहे, म्हणजे पलंगाखाली. त्याच्या खोक्यावर मांजर झोपतं, तेव्हा अगदीच वाया गेला असं नाही. पण मी अजून लाकूड फोडून शेगडी पेटवते हे तिला कळलं, तर ती पहिल्या गाडीने येईल आणि मला बोचक्यासारखी उचलून नेईल. वरची खोली माझ्यासाठी रंगवून झालीय. पडदे कुठल्या रंगाचे हवेत हेही विचारून झालंय. मी "कुठलेही" म्हणाले, तर तिने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

आता धर्माची गाय आणि दात का नाय, असं म्हणाल, पण दोनतीन बारीक गोष्टी कळवते. दांड्याला व्हार्निश इतकं जाड लावलंय की कुऱ्हाडीला हातात राहण्यापेक्षा हातातून सुटण्यात जास्त रस आहे. दुसरं म्हणजे पातं दांड्याच्या रेषेत नाही. वर्गात बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलासारखं ते किंचित डावीकडे बघतं. आणि पात्याच्या नेढ्यात दांडा घट्ट बसावा म्हणून वरून जी लाकडाची पाचर ठोकतात, ती अर्धीच आत गेलीय. हलवलं की 'टुक' असं वाजतं.

शेजारच्या मास्तरांना दाखवली. ते शाळेत कवायत शिकवायचे, तुम्हाला आठवत असतील. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. रोज आपल्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते माझं लाकूड फोडणं बघतात आणि कुंपणापलीकडून हुकूम सोडतात. त्यांनी कुऱ्हाड कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, "वहिनी, माल उंची आहे. फक्त सैल आहे."

काळजी नसावी. बघते काय करायचं ते.

तुमची,
सासूबाई


१९ ऑक्टोबर

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. "बदलून घेऊ या का?" असं विचारलंत. एवढ्यात नको म्हणून हे लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता मत बदलत चाललंय.

आधी चांगलं सांगते. व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं. दांडा आता हाताला माणसासारखा लागतो. पातं डावीकडे बघतं त्यावर उपाय म्हणून मीच किंचित उजवीकडे सरकून उभी राहते. आख्खा संसार असाच केला, तेव्हा एका कुऱ्हाडीचं काय.

राहिला 'टुक'. मास्तर म्हणाले, बादलीत बुडवून ठेवा, लाकूड फुगेल आणि पातं घट्ट बसेल. ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर खरंच घट्ट, ओढून हलेना. मास्तरांनी आनंदाने एक लांब शिट्टी मारली. मांजर माळ्यावर गेलं ते जेवायलाच उतरलं.

पुढे चारपाच दिवस कडक ऊन पडलं. फुगवून बसवलेली वस्तू वाळली की पहिल्यापेक्षा सैल होते, हे मास्तरांना माहीत नव्हतं आणि मला सुचलं नाही. गुरुवारी मी ओंडका उभा केला, कुऱ्हाड डोक्यावर नेली आणि खाली आणली, तेव्हा हातात नुसता दांडा होता. पातं गेलं होतं.

गेलं म्हणजे कुंपणावरून पलीकडे गेलं आणि मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीतून आरपार निघालं. खुर्ची रिकामी होती. प्लास्टिकचीच होती, जुनी होती, मास्तरही म्हणाले की तिचा रंग उडालाच होता.

तेव्हा आता बदलून घ्यावी हे बरं. पुस्तिकेवर कंपनीचा नंबर आहे, मीच फोन करते. तुम्ही घरातून केलात तर भिंतींना कान आहेत, आणि तुमच्याकडचे कान जरा जास्तच तिखट आहेत.

तुमची,
सासूबाई


२ नोव्हेंबर

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद.

कंपनीशी बोलणं झालं. एका मुलाने फोन घेतला. आवाज गोड, पण प्रश्न वाचून विचारत होता.

"वापर कोण करतं, मॅडम?"

"मी."

"घरातल्या मोठ्या माणसानेच वापरावी, असं पुस्तिकेत दिलंय."

"घरात सगळ्यात मोठी मीच आहे."

"वय सांगता?"

"कुऱ्हाडीचं की माझं?"

यावर त्याने कागद उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "पातं निसटलं तेव्हा कुणाला इजा?"

"खुर्चीला."

"खुर्चीवर कुणी होतं का?"

आता त्या परक्या पोराला सांगितलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, हे बरं दिसत नाही. खुर्ची रिकामी होती हे खरं आहे. नुकतीच रिकामी झाली होती, हे जास्त खरं आहे. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मास्तर उठले आणि पायरीपर्यंत पोचले, एवढ्यात मागे आवाज झाला. त्यांनी वळून खुर्चीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या दांड्याकडे बघितलं. शिट्टी काही वाजवली नाही. पायरीवरच बसले. तिथूनच म्हणाले, "वहिनी, दूध उतू गेलं म्हणून आयुष्यात आज पहिल्यांदा बरं वाटतंय."

मी हसले. पण दिवे लागेपर्यंत पातं आणायला पलीकडे गेले नाही, तेही लिहून टाकते.

खुर्ची आता त्यांच्या अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलीय. टाकून द्या म्हटलं तर म्हणतात, भोकातून पाठीला वारा छान लागतो. तिथून त्यांचे हुकूम मला ऐकू येत नाहीत, म्हणून आता सगळं शिट्टीवर. एक शिट्टी म्हणजे पाय मागे, दोन म्हणजे वाकू नका. सध्या कुऱ्हाडच नाही, तरी मी अंगणात आले की सवयीने वाजवतात.

कंपनीचा मुलगा मात्र शेवटी भला निघाला. सदोष माल पोस्टाने परत मागवून घेतला, नवी कुऱ्हाड नीट तपासून पाठवतो म्हणाला. नाव, पत्ता विचारला, मी घडाघडा सांगितला. त्याने वाचून दाखवला, मी "अगदी बरोबर" म्हणाले. रोज फाटकाकडे डोळे लावून बसलेय, अजून पत्ता नाही. तोवर मास्तरांकडून फोडलेलं लाकूड उसनं घेतेय आणि त्यांची कवायतीवरची भाषणं त्याबरोबर फुकट मिळतायत.

बबीला यातलं काही बोलू नका. खुर्चीचं तर मुळीच नको. शपथ घालत नाही, पण घातली असंच समजा.

तुमची,
सासूबाई


२३ नोव्हेंबर

चि. बबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलीस हे जावईबापूंनी कळवलं. हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतेय, उघड उघड. त्यांच्याशी बोलायला लागलीस का? लाग. फोनवर मला म्हणालीस, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा इथे माझ्यासमोर बसून चहा पितोय." गुन्हा माझा होता. त्यांनी फक्त माल पुरवला.

तुझ्या दारात कुऱ्हाड कशी आली, हे तू मला तीनतीनदा विचारलंस आणि मी "कंपनीचा घोळ" म्हणत राहिले. घोळ कंपनीचा नव्हता. त्या मुलाने पत्ता विचारला आणि माझ्या तोंडून तुझा पत्ता आला. बेल बिघडली असेल तर दार वाजवा, इथपर्यंत. त्याने वाचून दाखवला तरी मला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. तू लग्न करून गेलीस तेव्हापासून पत्ता म्हणून मी तोच लिहीत आलेय, पाकिटांवर, खोक्यांवर. स्वतःचा पत्ता लिहायची वेळ कुणावर येते? तुझा फोन आला तेव्हा कुठे कळलं मी काय केलं ते. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणं म्हणतात ते हेच असावं. फक्त मी ती पोस्टाने मारली.

तू फाटकातून आलीस ते अजून डोळ्यांसमोर आहे. एका हातात नवी कुऱ्हाड, दुसऱ्या हातात माझे कपडे भरायला रिकामी बॅग. मास्तर घाईने उठून आत गेले.

"आई, बॅग भर."

"भरते. पण आधी शेगडीपुरतं लाकूड फोडायला हवं. तू गारठलीयस."

"कुठेय ओंडका?" म्हणालीस आणि कोट काढून माझ्या अंगावर टाकलास. पहिला घाव अडकला. दुसराही. मास्तर खिडकीतून ओरडले, "उजवा पाय मागे." तू मान वर न करता म्हणालीस, "काका, तुम्ही गप्प बसा, तुम्ही आधीच नशिबाने वाचलाय." म्हणजे खुर्चीचंही जावईबापूंनी ओकलंच होतं. पण पाय मागे घेतलास, आणि तिसऱ्या घावाला ओंडका फुटला. तुझा चेहरा मी बघितला, बबी. मग अंधार पडेपर्यंत तू थांबली नाहीस. मधूनमधून कुऱ्हाड कानाशी धरून हलवायचीस, 'टुक' वाजतंय का बघायला. नाही वाजलं. ही चांगली निघाली.

रात्री शेगडीपाशी मी तुझ्या हातांना तेल चोळत होते तेव्हा तू विचारलंस, "फोडलेलं लाकूड विकत मिळतं, आई. मग हा हट्ट कशाला?" तेव्हा मी उठून पातेली घासत बसले. आता सांगते. तुझ्याकडे आले की मी चहाचा कप उचलला तरी तू "ठेव, मी करते" म्हणतेस. मायेनेच म्हणतेस. पण चार दिवसांत माझे हात मांडीवर असे पडून राहतात की दुसऱ्या कुणाचे वाटतात. ओंडका कुणाचं वय विचारत नाही. फुटतो किंवा फुटत नाही, तेवढंच. आणि फुटला की पलीकडे एक म्हातारा शिट्टी वाजवतो.

मी झोपेतून उठले तेव्हा तू बॅग भरून दारात ठेवली होतीस. मला वाटलं, माझे कपडेच भरलेस. चेन उघडून बघितली तर आत खोक्यासकट हीटर. तेवढाच घेऊन तू परत गेलीस. मांजर मात्र दिवसभर पलंगाखाली त्याचं खोकं शोधत होतं.

तुझ्या अटी मान्य. कुऱ्हाड उचलण्याआधी पाचर बघेन, मास्तर कुंपणाजवळ असतील तर उचलणार नाही, आणि हात थकायला लागले तर तुला कळवेन. शेवटची अट जड आहे, पण तीही पाळेन. पडदे पिवळे घे. कधीतरी लागतील. घाई नाही.

उत्तर लिही. पत्ता तुला ठाऊक आहे, पण मलाच लिहायची सवय नाही, म्हणून खाली लिहून बघते.

तुझी आई,
चढावरचं शेवटचं घर,
फाटकाशी लाकडाचा ढीग,
शेजारच्या अंगणात पाठीला भोक पडलेली खुर्ची.