एक रेघ आणि शेजारी सही

दि. १२ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू मला दोन वाक्यांत कटवतेस आणि तिसऱ्याला तुला कुणीतरी हाक मारतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आमच्या कॉलेजात, म्हणजे तुझ्याही, २१ फेब्रुवारीला विज्ञान शाखेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. ज्यांनी पुढे विज्ञानात काही काम केलं त्यांनी यायचं, बोलायचं आणि आम्हा पोरांना स्फूर्ती द्यायची. विज्ञान मंडळाची चिटणीस यंदा मी आहे. हे आईने तुला सांगितलं नसेल हे शक्यच नाही. वक्त्यांच्या यादीत मी तुझं नाव घातलं आहे, वीस मिनिटांसाठी. आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

निमित्त आहे विहिरीच्या वहीचं. मोठ्या सरांनी सुरू केलेल्या नोंदींना चाळीस वर्षं झाली. रोज सकाळी सातला कॉलेजच्या विहिरीतल्या पाण्याचं तापमान, एकही दिवस न चुकता. सर निवृत्त झाले तरी रोज येतात, आणि या नोंदींवरचं त्यांचं पुस्तक त्याच दिवशी प्रकाशित होणार आहे. सभागृहात भिंतभर आलेख लावलाय. त्यात मधेच एक पायरी आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी पाणी एकदम अर्ध्या अंशाहून थोडं जास्त तापलं आणि परत खाली आलंच नाही. नव्या इमारतीसाठी विहिरीवरची दोन मोठी झाडं तोडली, ऊन थेट आत पडायला लागलं, म्हणून, असं सर सांगतात. पुस्तकाचं चौथं प्रकरण सगळं त्यावरच आहे.

त्या पायरीवर मला दहा मिनिटं बोलायचंय. ऐकायला एका संशोधन संस्थेतल्या बाई येणार आहेत. सुट्टीत आपल्याकडे काम करायला त्या एकच विद्यार्थी निवडतात. ती जागा मला किती हवी आहे हे लिहायलाही भीती वाटते.

विहिरीची पाळी सध्या माझी आहे. वहीच्या पहिल्या पानावरचा नियम तुला आठवत असेलच: खाडाखोड करू नये, चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी सही करावी. विहिरीची पाळी मिळालेली पहिली मुलगी तू, हे सर अजून सगळ्यांना सांगतात. तेव्हा आता नाटकं नकोत.

लोभ आहेच, तो नकार देताना वापरू नये ही विनंती.

तुझी,
भुंगा


दि. १७ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

एखादी गोष्ट पोखरायला घेतलीस की तू सोडत नाहीस. तुझं हे नाव मी ठेवलं ते उगीच नाही. पण उचललं नाव आणि घातलं यादीत, हे काही बरं नाही.

स्फूर्ती द्यायला मी कोण? पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसाला साठ बाटल्या पाणी तपासते. त्यातून कुणाला स्फूर्ती आलीच, तर पाण्यात काहीतरी मिसळलंय असं समजून मला वर कळवावं लागेल. शिवाय फेब्रुवारीत आमच्याकडे तपासणी असते, रजा मिळत नाही. शिवाय गुडघा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, तर खुशाल म्हण. माझं नाव तेवढं काढ.

तुझ्या दहा मिनिटांची तयारी मात्र नीट कर. जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस, तुझी आई माझ्याकडे तक्रार करते.

सहज विचारते, विहिरीचा थर्मामीटर अजून तोच आहे का? लाकडी पेटीतला?

तुझ्यावरच्या मायेत काडीचाही फरक नाही, हे ध्यानात ठेवून रागवावे.

तुझी,
मावशी


दि. २३ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाव काढलेलं नाही. त्यावर नंतर भांडू, आत्ता मीच संकटात आहे.

सरांनी त्यांच्या आलेखासाठी महिन्याची सरासरी घेतली होती. मी हौसेने जुन्या वह्या काढून रोजचे आकडे मांडले. पायरी हळूहळू चढत नाही, मावशी. २२ ऑक्टोबरला २४.२ आणि २३ ऑक्टोबरला २४.८. एका दिवसात. मग मी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन जुनी फाइल पाहिली. झाडं तोडली ९ नोव्हेंबरला. म्हणजे पाणी आधी तापलं आणि झाडं सतरा दिवसांनी पडली.

सरांना दाखवलं. ते रागावले नाहीत. मग म्हणाले की तारखा पुन्हा पाहा, घाईत माणूस हवं ते वाचतो. मी चार वेळा पाहिल्या. आता मला माझ्या डोळ्यांचाच भरवसा वाटेनासा झालाय. चाळीस वर्षं काम केलेला माणूस चुकेल की दुसऱ्या वर्षाची पोरगी? मला तर साधी सरासरी काढतानाही घाम फुटतो हल्ली. हा माझा प्रांतच नाही, असं रोज सकाळी विहिरीवर जाताना वाटतं. आईला सांगू नकोस, पण शाखा बदलण्याचा अर्ज मी आणून ठेवला आहे.

थर्मामीटर तोच आहे, पेटीसकट. पहिल्या दिवसापासूनचा म्हणून सर त्याला कुणाला पुसूही देत नाहीत. पण ते का विचारलंस?

उत्तर लवकर पाठव. लोभ आहे, धीर मात्र नाही, तो असल्यास थोडा पाकिटात घालावा.

तुझी,
भुंगा


दि. २७ जानेवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तो अर्ज फाडून टाक. हे आधी कर आणि मग पुढचं वाच.

तुझ्या तारखा बरोबर आहेत. तुझे डोळेही बरोबर आहेत. आता मी सांगते तसं कर. बर्फ बारीक कुटून एका भांड्यात घे, त्यात थोडं स्वच्छ गार पाणी घाल, ढवळ, आणि विहिरीचा थर्मामीटर त्यात उभा ठेव. दहा मिनिटं थांबून आकडा वाच. शून्य दिसायला हवा. आमच्याकडे प्रत्येक थर्मामीटरची दर महिन्याला अशी परीक्षा घेतो. एकदा करून थांबू नकोस, पाच वेळा कर, दर वेळी नवा बर्फ घे. आकडे आले तसे लिही.

सरांना अजून काही बोलू नकोस. मला कळव.

दोन वेळा जेव. काळजी करणारी मी इथे बसले आहे, तू वेगळी करू नकोस.

तुझी,
मावशी


दि. २ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पाचही वेळा शून्य पूर्णांक सहा. मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले. पाणी तापलंच नव्हतं, थर्मामीटरच सहा दशांश जास्त दाखवतो. अर्ज फाडला.

पण आनंद जेमतेम जेवणापर्यंत टिकला. सुरुवातीची अकरा वर्षं हा थर्मामीटर बरोबर असेल आणि एका सकाळी बिघडला असेल, असं कसं होईल? पेटीत तपासणीचा जुना कागद आहे, त्यावर बर्फात शून्यच दाखवतो असं लिहिलंय. आणि कागदावरचा क्रमांक काचेवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. इतक्या वर्षांत कुणी ते ताडून पाहिलंच नाही. म्हणजे त्या दिवशी कुणीतरी थर्मामीटर बदलला आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

त्या आठवड्याचं पान मी पुन्हा उघडलं. बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर आहे. थोडा वेळ बघत राहिले आणि वही मिटली.

मावशी, तू मला थर्मामीटरचं का विचारलं होतंस?

लोभ आहेच.

तुझी,
भुंगा


दि. ६ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझंच आहे.

त्या दिवशी मी थर्मामीटर विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि पाण्याची बाटली वर ओढायला लागले. कोपर लागलं. काच फुटली, पारा दगडांच्या फटीत गेला. सातला दहा मिनिटं होती. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. कपाटात अगदी तसाच दिसणारा एक थर्मामीटर होता, तो आणला, सातला आकडा वाचला, लिहिला आणि तो लाकडी पेटीत ठेवला. काचा रुमालात बांधून घरी नेल्या. वहीत एक ओळ लिहायची होती, ती लिहिली नाही.

का नाही लिहिली, तेही ऐक. मुलींच्या हातात काचेचं सामान टिकत नाही, असं वर्गातली मुलं तोंडावर म्हणायची. सरांनी माझ्यासाठी विभागात भांडून मला विहीर दिली होती. पाळी मिळून तिसराच आठवडा होता. मला वाटलं, थर्मामीटर म्हणजे थर्मामीटर, हा काय आणि तो काय. ते खरं नसतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं, पहिल्यांदा बर्फाची परीक्षा घेतली त्या दिवशी. त्या दिवशी मी डबा न खाता परत नेला. पण तोपर्यंत सर त्या पायरीवर व्याख्यानं देत होते. आज सांगू, उद्या सांगू करत एकोणतीस वर्षं गेली. मेळाव्यांना मी का येत नाही, हे तुझ्या आईलाही माहीत नाही. तिला वाटतं मला मिरवायला आवडत नाही.

गुडघा ठणठणीत आहे. मी भित्री आहे, एवढंच.

तुला जे दिसलं ते तू सांग. नाव विचारलं तर तेही सांग. तुझी ती जागा माझ्यापायी जाऊ नये.

रागावलीस तर तुझा हक्क आहे. पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
मावशी


दि. १० फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी रागावले आहे. तू मला बर्फ कुटायला लावलंस आणि हे आधी सांगितलं नाहीस, म्हणून जास्त.

पण आता मी काय करू ते तरी सांग. थर्मामीटर बदलला म्हटलं की पहिला प्रश्न, कुणी? तुझं नाव भरल्या सभागृहात मी घेऊ? माहीत नाही म्हणू? माझ्याने दोन्ही होणार नाही. आणि सर शहात्तर वर्षांचे आहेत. पुस्तक छापून आलंय, पहिली प्रत त्यांनी मलाच दाखवली.

म्हणून काल मी त्यांना सांगितलं की तारखा वाचताना माझीच चूक झाली होती. ते हसले, पाठ थोपटली, चुका करतच माणूस शिकतो म्हणाले. मी बाहेर येऊन सायकलच्या स्टँडमागे रडले. कार्यक्रमातून माझी दहा मिनिटं मी काढून टाकते आहे. तुझी वीसही काढते. १३ तारखेला पत्रिका छापायला जाईल.

लोभ तुटलेला नाही. आत्ता फक्त त्याला नीट उभं राहता येत नाहीये.

तुझी,
भुंगा


दि. १२ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

हे पत्र आमच्या गाडीच्या चालकाबरोबर पाठवते आहे, म्हणजे छपाईच्या आधी पोचेल. माझं नाव काढू नकोस. तुझंही काढू नकोस. रजा मागितली, मिळाली.

तू न केलेली चूक माझ्यासाठी अंगावर घेतलीस, हे वाचल्यापासून मला बसवत नाही. मी एका सकाळी कच खाल्ली, त्याची भरपाई तू का करायची? आणखी काही लिहीत नाही, चालक खाली थांबलाय. यायचं ठरवलंय तर यायचंच, पण भीती वाटते आहे, हे तुला माहीत असू दे.

सभागृहाला मागचा दरवाजा आहे ना अजून?

तुझी,
मावशी


दि. २४ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुला वीस मिनिटं दिली होती, तू अकरा घेतलीस आणि फुटलेल्या काचेपासून माझ्या बर्फापर्यंत सगळं सांगून टाकलंस. सरांना नमस्कार केलास आणि मागच्या दरवाजाने गेलीस. टाळ्या वाजल्या नाहीत हे तू ऐकलंसच. पुढचं तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

 सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने घाबरून चहाची सूचना वाचली, पण कुणी उठलं नाही. सर पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते. त्यांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग त्यांनी मान न उचलता मला विचारलं, की बर्फात किती वेळा पाहिलंस. मी पाच म्हणाले. दर वेळी नवा बर्फ का, म्हणाले. हो म्हटलं. मग मला बोलायला सांगितलं. मी दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण तारखा चुकल्या नाहीत. माझी चूक झाली होती असं सरांना मी खोटंच सांगितलं होतं, तेही सांगून टाकलं.

त्यानंतर ते मंचावर आले. नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातली वरची प्रत घेतली, चौथं प्रकरण उघडलं, पेन काढलं आणि पानावर एक रेघ मारली. शेजारी सही केली, तारीख घातली. आवाज फार बारीक होता त्यांचा. म्हणाले की मुलांना स्फूर्ती देण्यासाठी आपण भाषण लिहून आणलं होतं, त्याची आता गरज उरली नाही.

मग त्यांनी जुनी वही मागवली. २३ ऑक्टोबरचं पान काढून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं तिथेही रेघ मारतील, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, ज्याची चूक त्याची सही, ही रेघ माझी नाही. पानात कागदाचा कपटा घालून त्यांनी वही मिटली आणि चहा न घेता घरी गेले. संस्थेतल्या बाईंनी माझी वही मागून नेली आहे. कळवते म्हणाल्या. अजून काही कळलेलं नाही, आणि खरं सांगते, त्या जागेचा विचार दोन दिवसांत एकदाही आला नाही.

कारण सर दोन दिवस विहिरीवर आलेच नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणे. मी रोज दोन थर्मामीटर घेऊन जायची, जुना आणि तपासलेला, दोन्ही आकडे लिहायची आणि फाटकाकडे बघत राहायची.

आज सकाळी पावणेसातला ते आले. काठी टेकत कठड्यापाशी उभे राहिले. सातला मी लिहिलेले दोन्ही आकडे पाहिले, मान हलवली. तुझ्याबद्दल काही विचारतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, की तुझ्या मावशीच्या गावाहून बस सकाळी सातच्या आत पोचते का.

मी पोचते म्हणून सांगितलं आहे. तेव्हा शनिवारी पहिली बस धर. कपटा अजून पानात तसाच आहे. पेन सर आणणार आहेत.

तुझी,
भुंगा