ज्योतीच्या मुलीचं नाव

१८ नोव्हेंबर, मंगळवार. जळकोट

दवाखान्यातून आईकडं येऊन आज सहा दिवस. बाळ नऊ दिवसांची. वजन दोन किलो सहाशे. दूध पिते, झोपते. आई म्हणते, लई शहाणी पोर हाय. असेल.

रोज दोन-तीन बाया बघायला येतात. नाव काय ठेवलं? मी म्हणते, ठरायचंय. दवाखान्याच्या कागदावर 'छायाचं बाळ' एवढंच लिहिलंय. मला चालतंय.

दुपारी नळदुर्गहून सिद्धू आला, गॅरेज बंद करून. हात दोनदा धुतले तरी डिझेलचा वास राहतो म्हणून तो आपल्याच लेकीला उचलत नाही, वाकून बघतो. जाताना म्हणाला, "ठरायचंय काय म्हणतीस लोकांना? ठरलेलंच हाय की. उत्पला."

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. दुपटं बदलत होते.

२० नोव्हेंबर

लिहून ठेवते. कुणालाच सांगितलेलं नाही.

उत्पला हे पहिलीचं नाव. पाच वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात पोटातच गेली ती. नाव मीच काढलं होतं. विहारात एका रविवारी म्हातारे गुरुजी जुन्या भिक्खुणींची नावं सांगत होते, त्यातलं एक. निळं कमळ. सिद्धूला सांगितलं तर तो त्या दिवसापासून पोटाला त्याच नावानं हाक मारायला लागला. शेवटी तिला नेलं पण त्यानंच, एकट्यानं. मी बघितलं नाही. नर्सनं विचारलं होतं, बघायचं का. मी मान हलवली होती, कशी हलवली ते आठवत नाही.

ज्योती डी.एड.पासूनची मैत्रीण. तुळजापुरात दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती नळदुर्गात शाळेवर लागली. मी लागले नाही, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. पहिलीच्या वेळी तीही गरोदर होती, माझ्या मागं तीन महिने. तिला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर एकटीच माझ्याकडं आली. मी लसूण सोलत होते. म्हणाली, "छाया, तुझ्या लेकीचं नाव माझ्या लेकीला ठेवू का? कुणीतरी घ्यावं ते नाव, असं वाटतं मला."

मी म्हणाले, ठेव.

ती म्हणाली, सिद्धूभाऊंना विचारून सांग. मी म्हणाले, ठेव म्हणलं ना.

बस एवढंच. पुढं बारशाची पत्रिका आली, ती सिद्धूच्या हातात पडली. तो म्हणाला, "चोरलं." मी तिथंच उभी होते. मी दिलंय, एवढे दोन शब्द होते. त्या दिवशी बोलले नाही, मग दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं, मग आणखी अवघड. पाच वर्षं झाली. सिद्धू ज्योतीच्या नवऱ्याची गाडी गॅरेजमधे घेत नाही. मी तिच्या मुलीला एकदाही बघितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सास्तूरहून सासूबाई आल्या. डिंकाचे लाडू, बाळाला दोन झबली. बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तीच आली बघ परत. वाट चुकली व्हती, आली."

माझे वडील, दादा, बाहेर बाजेवर बसले होते. म्हणाले, विहीणबाई, आपल्यात असलं मानत न्हाईत. सासूबाई म्हणाल्या, "तुमी मानू नका की दादा. म्या मानते." मग त्यांनी सांगितलं. भूकंपात त्यांची तीन वर्षांची वंदना गेली, हे मला माहीत होतं. सिद्धू तेव्हा तान्हा, त्यांच्या कुशीत होता म्हणून वाचला. दोन वर्षांनी पत्र्याच्या शेडात मुलगी झाली, तिचंही नाव वंदनाच ठेवलं. तीच माझी नणंद.

"एक वंदना मातीत घातली, दुसरीला तेच नाव ठिवलं. काय वंगाळ झालं? दोन लेकरं हायत तिला आता."

आईनं चहा ठेवला. सासूबाईंनी ज्योतीचा विषयही काढला. त्या मास्तरणीनं नाव उचललं तर उचललं, म्हणाल्या, नाव काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतं व्हय?

मी लाडू खाल्ला. दोन खाल्ले. भूक लागते मला, तेवढं बरं आहे.

२५ नोव्हेंबर

बाळाला न्हाऊ घालायला येणारी मावशी म्हणाली, बाई तू तिच्याशी बोल, लेकराला आईचा आवाज लागतो. काय बोलू ते सुचेना. आज मंगळवार आहे, असं म्हणाले.

आई म्हणते, रडून घे एकदा, मोकळं वाटंल. रडू येत नाही. सगळं काचेच्या पलीकडं चाललंय.

२७ नोव्हेंबर

वंदनाताईचा फोन आला बाळंतपणाची चौकशी करायला. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारलं. मोठ्या बहिणीचं नाव लावून कसं वाटतं?

मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "वयनी, आईनं मला हाक मारली ना, की त्या हाकेच्या मागं ती जरा थांबायची. मी 'ओ' दिली की मग पुढचं बोलायची. लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया थांबत असतील. शाळेत गेल्यावर कळलं, न्हाई थांबत."

मग हसली. म्हणाली, तसं काय न्हाई, नाव चांगलं हाय. तब्येतीला जप.

फोन ठेवल्यावर ते वाक्य तसंच डोक्यात राहिलं. वाईट वाटलं असं नाही. नुसतं राहिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

ज्योती येऊन गेली. सकाळी मेसेज आला, येऊ का? मी 'ये' लिहिलं. अकरा वाजता मुलीला घेऊन आली.

ती मुलगी. गळ्यात पाण्याची बाटली, पायात मोजे न घालता बूट. ज्योतीसारखी अजिबात दिसत नाही. बाळाजवळ बसली, बोट धरायला दिलं. बाळानं धरलं. मला विचारलं, हिचं नाव काय?

म्हणाले, अजून नाही.

"मग हाक कशी मारता?"

मारत नाही, म्हणाले. ज्योतीनं माझ्याकडं बघितलं. ती जाडी झालीय, चष्मा लागलाय. म्हणाली, "तू बरी हाईस का?" मी हो म्हणाले. मला वाटतं तिनं माझा हात धरला होता. दोघी तशाच बसलो. मुलगी बाळाला वर्गातल्या बाईंचं काहीतरी सांगत होती.

तेवढ्यात सिद्धू आला. आज येणार नव्हता, सासूबाईंनी दिलेली मच्छरदाणी द्यायला आला. दारातच थांबला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "बरं झालं आलात. आमच्या लेकीचं नाव आमी ठिवलालाव. तुमी चोरून न्हेलं म्हणून आमी सोडून द्यायचं, असं न्हाई."

ज्योती माझ्याकडं बघायला लागली. रागानं नाही. वाट बघत होती नुसती. मुलगी पण बघत होती, तिची आई बघते म्हणून.

मी खाली बघितलं.

ज्योतीनं बाटली मुलीच्या गळ्यात नीट केली. "छाया, आणलेलं तुझ्या उशाला ठेवलंय," असं काहीतरी म्हणाली, शब्द नीट ऐकू आले नाहीत. एक स्वेटर होता, घरी विणलेला. ती सिद्धूला एक शब्द बोलली नाही. आईनं थांबवलं, जेवून जा म्हणाली. थांबल्या नाहीत.

मला उठून जायला पाहिजे होतं. टाक्यांमुळं उठता येत नाही असं मनात म्हणाले. टाके आता दुखत नाहीत.

१ डिसेंबर

काही नाही. बाळ सारखी पीत होती. ऊन चांगलं होतं.

३ डिसेंबर

सिद्धूला सांगितलं.

दुपारी आला होता. आई तुरीच्या शेंगा आणायला रानात गेली होती, दादा झोपले होते. तो म्हणत होता, रविवारी एकवीस तारखेला नामकरण ठेवू, विहारातल्या गुरुजींना सांगतो. मी म्हणाले, ज्योतीनं चोरलं नाही. तिनं विचारलं होतं. मी 'ठेव' म्हणाले.

तो आधी हसला. मग म्हणाला, कधी? मी सांगितलं. पत्रिकेच्या आधी? हो. म्हणजे मी पत्रिका वाचली तेव्हा तुला ठाऊक होतं? हो.

"मी तिच्या नवऱ्याला चार लोकांत काय काय बोललोय, ठाऊक हाय का तुला?"

ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं कधी.

त्यानं हेल्मेट घेतलं आणि गेला. चहा तसाच.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. कपडे वाळत घातले होते ते काढले.

६ डिसेंबर

दादा सकाळी पांढरा सदरा घालून विहारात गेले. मी घरीच हात जोडले. सिद्धू तीन दिवस आला नाही, फोन नाही. आई विचारते, भांडलात का? म्हणाले, गॅरेजला काम असेल.

ज्योतीला मेसेज लिहिला. चार ओळी. पुसला. मग फक्त 'त्याला सांगितलं' एवढं पाठवलं. तिनं वाचलं. उत्तर नाही.

९ डिसेंबर

सिद्धू आला. दाढी वाढलेली. अंगणात बसला, मी बाळाला घेऊन उन्हात बसले होते.

तो काल ज्योतीच्या घरी जाऊन आला. तिच्या नवऱ्याची माफी मागितली. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. ज्योती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मुलगी आली, यानं काहीतरी विचारलं, तिनं पाटीवर आपलं नाव लिहून दाखवलं. उ नीट आला होता म्हणे, पुढं सगळं उलटंसुलटं.

"तिला ठाऊक हाय का, तू मला सांगितलं न्हवतंस?"

ठाऊक होतं तिला.

"मग त्या दिवशी बोलली का न्हाई?"

ती माझी वाट बघत होती, हे मी त्याला कसं सांगू.

मग तो म्हणाला, "तू नाव दिलंस त्याचं काय न्हाई. देण्यासारखं तेवढंच व्हतं आपल्याकडं. पण मला विचारायचं व्हतंस छाया. ती माझी पण व्हती. तू तिला बघितलं पण न्हाईस. म्या बघितलंय."

मी विचारलं, कशी होती?

पाच वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तो म्हणाला, केस लई होते. आणि रडायला लागला. मी बघत होते. त्याच्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे हे कळत होतं. एका हातात बाळ होती, दुसरा हात मोकळा होता. थोड्या वेळानं ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार

दादा ग्रामपंचायतीतल्या माणसाला भेटून आले. जन्माची नोंद झालीय, नावाचा रकाना कोरा ठेवलाय. नंतर भरता येतं म्हणाले. मला माहीत आहे. दुकानात मी असे कितीतरी फॉर्म भरलेत.

सिद्धू म्हणतो, तू ठरव. उत्पला ठेवायचं असलं तरी चालतंय, ज्योतीच्या नवऱ्याशी तो बोललाय, त्यांची हरकत नाही. दुसरं ठेवलं तरी चालतंय. सासूबाईंना तो सांगेल. आता सगळे मला विचारतात. आधी कुणी विचारत नव्हतं तेच बरं होतं.

आईनं चार नावं सांगितली. वंदनाताईनं एक पाठवलं. एकेक नाव बाळाच्या तोंडावर बघून म्हणते. कुठलंच बसत नाही. उत्पला म्हणून बघितलं, तर नावाच्या मागं मी थांबले. माझं मलाच कळलं.

१७ डिसेंबर

ज्योतीचा फोन. काहीच झालं नाही अशी बोलली, शाळेतल्या तपासणीचं सांगितलं. मी म्हणाले, त्या दिवशी मी खाली बघितलं. ती म्हणाली, "बघितलंस ते." मग म्हणाली, नामकरणाला भाज्या चिरायला माणूस लागंल ना, शनिवारीच येते.

तिनं माफ केलंय का, मला कळलं नाही. विचारलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

घरात सासूबाई, वंदनाताई, तिची दोन पोरं. अंगणात मंडप घातला. उद्या सकाळी दहाला.

गुरुजींचा दोनदा फोन आला, घोषणा करायला नाव लिहून द्या म्हणाले. दादांनी सांगितलं, उद्या सांगतो. सासूबाई माझ्याकडं बघून गप्प बसल्या, त्यांनी गप्प बसणं म्हणजे खूप झालं.

चारच्या सुमाराला सिद्धू ज्योतीला आणि मुलीला घेऊन आला. मी आतल्या खोलीत बाळाला पाजत होते. बाहेर अंगणात ज्योती जोरात म्हणाली, "उत्पला, बूट बाहेर काढ."

मी बाळाकडं बघितलं नाही. दाराकडं बघितलं. एका पायात बूट, एका हातात बूट, अशी ती उभी होती. मी म्हणाले, ये गं उत्पला. मधे थांबले नाही. ती आली आणि शेजारी बसली.

बाळ प्यायची थांबली आणि आवाजाकडं डोळे वळवले. कुणाच्या आवाजाकडं, माझ्या का तिच्या, सांगता येत नाही. काळेभोर डोळे आहेत हिचे. केस पण लई आहेत. एकदा सिद्धूला विचारायला पाहिजे, पहिलीचे असेच होते का. का नको विचारायला.

सिद्धू दारात येऊन उभा आहे. गुरुजी पुन्हा फोनवर आहेत म्हणतो, काय सांगू?

त्याला म्हणाले, आत ये, हिला जरा धर. मला विचार करू दे.