कपाळाचे नाक

मु. चौक, माघ वद्य ५, शके १८०७

चिरंजीव कान्हा यास आजी अंबाबाईचे आशीर्वाद विशेष. पंतोजींकडून लिहविते. ते म्हणतात, बाईमाणसाने असे लिहू नये. मी म्हणते, नातजावयाने सुरी चालविली तेव्हा रीत कुठे चरायला गेली होती? तुझ्या बहिणीचे नाक कापून नागू तुरुंगात आयती भाकरी खातो, आणि इथे विहिरीवरच्या बाया कोंडीला बघून तोंड फिरवतात. म्हणून पोर तुझ्या हवाली मुंबईच्या इस्पितळात धाडली. डाक्तर नवे नाक कशाचे करणार? मेणाचे असेल तर उन्हात वितळेल. नीट विचारून कळव. तिने उभा जन्म पदराआड काढायचा काय? तू रडत बसू नको, तुला ती खोड आहे. माया आहेच, ती काय लिहायची?

मुंबई, फाल्गुन शुद्ध २

तीर्थरूप आजीचे चरणी कान्हाचा दंडवत. नाक मेणाचे नव्हे, तिच्याच कपाळाचे. गुंगीचे औषध हुंगवून डाक्तरने कपाळाची कातडी पानासारखी सोडविली, भुवयांमधला देठ राखला आणि पान खाली फिरवून नाकाच्या जागी शिवले. कातडीने तिथे जीव धरला की देठ कापायचा. तोवर कपाळाचे मांस उघडे, वर पट्टी. तू गोंदवलेली तुळस आता नाकावर आली आहे. नाकावर माशी बसली की कोंडीला ती कपाळावरच वाटते, कपाळ झाडते! डाक्तर म्हणतात, नाक ऊन आहे, लक्षण चांगले. कोंडी म्हणते, आजी याला भजे म्हणेल. लेकरांवर दया राहू दे.

चौक, फाल्गुन शुद्ध ८

कान्ह्या, आशीर्वाद. भजे तर भजे. आपल्या घरात चाफेकळी कुणाची आहे? तुझे तर वांगे. नव्या नाकाला नथ टोचता येते का, विचार. माझी घासून ठेवली आहे. तिची सासू मुंबईला गेली असे ऐकते. तिला खाटेजवळ फिरकू देऊ नको. लेकाची सुरी धुऊन ठेवणारी बाई मायेने येत नसते. जपून राहा रं.

मुंबई, फाल्गुन वद्य २

आजीचे चरणी दंडवत. तुझे पत्र येण्याआधीच ती येऊन गेली होती. मी कामावर होतो. सवाष्णीने कपाळ मोकळे ठेवले तर माझा लेक तुरुंगात मरेल, असे कोंडीला सांगून कुंकू देऊन गेली. कोंडी रोज पट्टी सारून उघड्या मांसावर कुंकू लावीत राहिली. लालात लाल, कुणाला कळले नाही. जखम नासली, तोंड सुजले, ताप चढला, देठ काळा पडला. डाक्तरांनी मेलेली कातडी काढून टाकली. जीव वाचला. नाक गेले, कपाळही गेले.

ज्याने कापले त्याच्यासाठी हे केलेस, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, तो मेला असता तर नकटीने नवरा खाल्ला म्हणाले असते. दंडाच्या कातडीचे नाक पुन्हा करता येईल, पण ती तिथे जीव धरेपर्यंत हात कितीक दिवस डोक्याला बांधून ठेवावा लागतो. ती नको म्हणते. कर्जतला उतरून काळोख पडल्यावर बैलगाडीने घरी आणू काय? मला माफी असावी.

चौक, फाल्गुन वद्य ६

कान्ह्या, आशीर्वाद. काळोखात चोरीचा माल आणतात. कोंडीला भर दिवसा आण. कर्जतला गाडी घेऊन मी येते. वर छप्पर घालणार नाही. बाया बघतील, बघू देत. मी शेजारी बसून एकेकीला नावाने हाक मारीन. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला तीच जाईल, मागून मी. दंडाच्या नाकाचे तिला पुन्हा विचारू नको. तिला वाटले तर नेऊ, नाही तर हेच तोंड.

हे पत्र तिला वाचून दाखव. आजी चिडली नाही असे सांगू नको, ती ओळखेल. चिडली आहे, पण तुझ्यावर नाही, असे सांग. पंतोजी डोळे पुसतात म्हणून इथेच पुरे करते.