'कै.' लावण्याआधी

काका, तुम्ही हयात असतानाही वाचकांच्या पत्रांना उत्तर देत नव्हता, त्यामुळे या पत्राला ते मिळणार नाही याचं मला वाईट वाटत नाही. हिंगोलीतलं आपलं साप्ताहिक कधीच बंद पडलं. तुम्ही संपादक म्हणून जिथे बसायचात तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. मीही दैनिकातली नोकरी संपवून घरी बसलोय. तरी तुमचा एक नियम या महिन्यात सारखा आठवतोय, आणि तो पाळणारं कुणी उरलं नाही हेही दिसतंय.

मी नवा होतो. नरसीचे एक म्हातारे कीर्तनकार गेल्याची बातमी टपरीवर ऐकली आणि लिहून आणली. तुम्ही कागदाकडे न बघता विचारलं, "घरी गेलता का?" "न्हाई." "मग जा. त्यांच्या दारात बस, चहा पी, मग नावाआधी 'कै.' लाव. माणूस मारायला यम लागतो, तुझ्यासारखं पोरगं न्हाई." सायकल हाणत नरसी गाठलं, तर बुवा ओट्यावर ओले हरभरे सोलून राहिले होते. चहा त्यांनीच पाजला. वर म्हणाले, "बातमी चांगली लिव्हजो, घरची म्हातारी वाचील."

माझी भाची कनेरगाव नाक्यावर राहते. जावयाचं तिथे चहाचं हॉटेल आहे. त्यांच्या पोरीला, दुसरीतल्या, रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरला जायचं, डोस घ्यायचा, घरी यायचं, पुन्हा जायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: पोरगी बरी होण्यासारखी आहे, मात्र डोस चुकवायचा नाही; आणि घरात गर्दी नको, साधा तापही महागात पडेल. झालं, दुसऱ्या दिवसापासून गर्दी. कुणी गोमूत्र घेऊन येतंय, कुणी पपईच्या पानांचा रस. एका दूरच्या मावशीने भाचीच्या तोंडावर विचारलं, "हे तुमच्या घराण्यातून आलं का त्यांच्या?" लग्नात आलेलं भांडं असावं तसं. धीर द्यायला आलेली ही माणसं चहा पिऊन, रडून, हलकी होऊन जात. भाची मागे कपबशा विसळत बसे.

आमच्याकडे एक भाऊ आहेत. कशाचे पुढारी ते कुणाला सांगता येणार नाही, पण विजेच्या प्रत्येक खांबावर आहेत. ते 'आधार द्यायला' आले, दहा-बारा कार्यकर्ते आणि फोटोवाला घेऊन. चकचकीत कागदात गुंडाळलेली फळांची टोपली पोरीच्या मांडीवर ठेवली. "हास बेटा." ती हसली, फोटो निघाला, आणि एका कार्यकर्त्याने टोपली उचलून पुन्हा गाडीत ठेवली. कळमनुरीला अजून एक पेशंट होता म्हणे. भाची म्हणाली, "मामा, नेली ते बरं झालं. तिला कच्ची फळं चालतच न्हाईत." खरा आधार तिला एकाच बाईचा होता. जवळच्या तांड्यावरची ती. तिचं लेकरूही त्याच दवाखान्यात. ती रोज फोन करते, "आज पोटात काय टिकलं?" एवढंच विचारते, आणि ऐकून घेते. तिचा फोटो कुठल्याच खांबावर नाही.

मग पोरीचे केस गेले. शेजारची पोरं खिडकीतून 'टकली' म्हणाली आणि ती चादरीत घातलेलं डोकं बाहेर काढेना. जावई उठला. न्हाव्याकडे गेला आणि गुळगुळीत होऊन आला. तिने चादरीतून एक डोळा काढला. "बाबा, तुमचं डोकं वाकडंय!" कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी खरं हसलं.

पण नाक्याने भादरलेला बाप पाहिला आणि पोरगी गेली असं ठरवून टाकलं. आपल्याकडे थोरलं माणूस गेलं तर केस काढतात, लेकरू गेलं तर बाप काढत नाही. तिथी-वार, सोयर-सुतक ज्यांच्या जिभेवर, त्यांच्यातल्या एकालाही हे आठवलं नाही. कॅन्सर ऐकला त्या दिवसापासून त्यांना ही बातमी पाहिजेच होती. दुसऱ्या दिवशी हॉटेलसमोर फ्लेक्स लागला. टोपलीसह हसणारी पोरगी, तिला हार, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि शेजारी तिच्या दुप्पट आकाराचे शोकाकुल भाऊ.

मी त्या सकाळी तिथेच होतो. पोरगी खिडकीत उभी राहून एकेक अक्षर लावून वाचतेय. "आजोबा, माझ्या नावाच्या आधी कै काहून लिव्हलं? कै म्हणजे काय?" जन्मभर ते अक्षर छापलं मी. म्हटलं, "कैलासात राहणारा." ती म्हणाली, "मी तर नाक्यावर राहते." एवढ्यात एक बाई दारातूनच हंबरडा फोडत आत आली, "लेकरू गेलं वं माय!" आणि लेकरू समोर उभं बघून किंचाळली. जावयाने बाहेर जाऊन फ्लेक्स टराटरा फाडला. भाऊंना फोन केला, तर म्हणाले, "कार्यकर्त्यांची भावना होती."

दुसऱ्या दिवशी नागपूरला निघायचं होतं. पोरीने पलंगाचा खूर धरला. "मी मेली न? मंग सुई काहून टोचता?" आईने समजावलं, बापाने समजावलं. ती एकच म्हणे, "मोठ्या अक्षरात लिव्हलंय." काका, छापील अक्षरावर एवढा विश्वास ठेवणारा वाचक आपल्याला कधी मिळाला नाही. मी म्हटलं, ते खोटं छापलंय. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "मंग तुमी पण बाबासारखं करा. मेल्यावर करतात का खेळायला करतात, मले कळू द्या."

या वयात उरलेले चार केस, तेही गेले. तिने हात फिरवून पाहिला, "खरबडीत हाय" म्हणाली आणि चप्पल घातली. डोस चुकला नाही. गाडीत आम्ही तीन टकले एका खिडकीशी बसलो होतो.

हे पत्र टेबलाच्या खणात राहील. पाकिटावर तुमच्या नावाआधी ते अक्षर लावावं लागेल, आणि तुमच्यासाठी माझा हात अजून तिथवर जात नाही. एक मात्र सांगून टाकतो. माझं डोकं पाहून हिंगोलीत जो तो थांबतो, चेहरा पाडतो, हळूच विचारतो, "कोण गेलं?" मी दर वेळी भाऊंचं नाव सांगतो. त्यांच्या दारात गेलेलो नाही, चहाही घेतलेला नाही.