उजव्या दाढेवरची सावली आणि गुरुवारची शस्त्रक्रिया

प्रति,
मा. अधिष्ठाता,
दंत महाविद्यालय व रुग्णालय.

विषय : अर्जदाराच्या मुलीची निरोगी दाढ गुरुवारी काढू नये याबाबत.

संदर्भ : १) फळे व परागकण संशोधन प्रकल्पाचे शस्त्रक्रियेचे पत्र. २) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, न वाचता परत आलेला.

महोदय,

अर्जदार शाळेच्या बसचा चालक असून त्यास एकच मुलगी आहे, वय वर्षे दहा. मागील अर्ज खिडकीवरील बाईंनी "अर्जात असं मी मी करायचं नसतं, अर्जदार लिहा," असे सांगून परत दिला. त्यानुसार सदर अर्जात अर्जदाराने स्वतःला बाजूला ठेवले आहे. काळजी बाजूला ठेवणे मात्र जमलेले नाही, ती मध्येमध्ये दिसल्यास क्षमा असावी.

१. रस्त्यावरच्या झाडांना फुलोरा आला की मुलीने कच्चे सफरचंद चावताच तिच्या तोंडाला खाज सुटते व ओठ सुजतो. तेच सफरचंद शिजवून दिल्यास काहीही होत नाही. शाळेत डब्यासोबत कच्चे फळ वाटतात. ते ती खात नाही, यावर तेथील बाईंचे म्हणणे, "डबा संपवायचा कंटाळा, दुसरं काय!" मुलीची आत्या म्हणाली, "शिजवलेलं बरं चालतं? नाटकं नुसती." सदर मुलगी दर वर्षी फुलोऱ्याच्या दिवसांत खोटारडी ठरत आली. अशातच आपल्याकडे नेमक्या याच तक्रारीवर संशोधन चालू असल्याचे समजले. ॲलर्जी विभागाच्या डॉक्टरांनी तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि सांगितले, "काही झाडांचे परागकण आणि फळातला एक घटक, शरीराला दोन्ही सारखेच वाटतात. फळ शिजवलं की तो घटक मोडतो. तुझं बरोबर आहे." मुलगी घरी पोहोचेपर्यंत बडबडत होती. अर्जदारास देव पावल्यासारखे झाले.

२. खाजेचे कारण दातांत नाही याची खात्री करण्यासाठी प्रकल्पात फळाचा तुकडा खायला देतात आणि खाज सुटताच जबड्याचा एक्स-रे काढतात. त्या वेळी अंगावर धातू नसावा असा नियम असल्याचे कळते. मुलीच्या उजव्या कानातले निघाले, डाव्याची फिरकी अडकली. खाज ओसरण्याआधी एक्स-रे हवा म्हणून सगळ्यांचीच धांदल उडाली आणि ते कानातले कानातच राहिले. पुढे एक्स-रेमध्ये वरच्या उजव्या दाढेच्या वर एक पांढुरकी, धुरकट सावली दिसली. तेव्हापासून सफरचंदाचे नाव कोणी काढत नाही. खाजेचे मूळ दाढेत आहे असे ठरले असून दाढ काढून त्या भागाची तपासणी व्हायची आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे अर्जदाराच्या तोंडून तेथेच निघून गेले, ते कोणाला उद्देशून नव्हते.

३. अर्जदाराच्या गल्लीतील दंतवैद्य बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि विचारले, "कानातलं काढलं नव्हतं का हिचं?" यंत्र डोक्याभोवती फिरत असल्याने डाव्या कानातल्या वस्तूची सावली उजवीकडे, थोडी वर पडते, असे त्यांचे लेखी मत सोबत जोडले आहे. प्रकल्पाने ते स्वीकारले नाही, कारण सदर बाई प्रकल्पात नाहीत. पुन्हा एक्स-रे काढावा म्हटले तर एका फुलोऱ्यात एकच एक्स-रे, असा नियम आहे. म्हणजे एक्स-रे पुढच्या वर्षी आणि दाढ परवा. प्रकल्पातून नाव काढायचे तर प्रमुखांची सही लागते, आणि प्रमुख परिषदेला गेले आहेत. त्यांचे सहायक म्हणाले, "अहो, तुमच्या मुलीचाच एक्स-रे तिथे मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत! अभिमान वाटायला पाहिजे तुम्हाला." अर्जदाराने अभिमान वाटतो का ते पाहिले. वाटला नाही, भीती वाटली. साप साप म्हणून भुई धोपटणे समजू शकते, पण येथे भुई म्हणजे दहा वर्षांच्या मुलीचा जबडा आहे आणि ती दाढ पक्की आहे, पुन्हा येणार नाही.

४. मग मुलीला आणूच नका, असे आपण म्हणाल. ते अर्जदारास सुचले होते. परंतु शाळेने कच्चे फळ देऊ नये असे पत्र ॲलर्जी विभाग दाढेची तपासणी झाल्याशिवाय देत नाही. आणि खरी अडचण त्याहून मोठी आहे. मागच्या तपासणीत मुलीने डॉक्टरांना आपण होऊन सांगितले, "हीच दाढ दुखते. खूप दुखते." ते केस पेपरवर नोंदले गेले असून आता सर्वांची खात्री पटली आहे. परत जाताना रिकाम्या बसमध्ये अर्जदाराने तिला विचारले. ती म्हणाली, "नाही दुखत रे बाबा. पण खाज म्हटलं की कुणी ऐकत नाही, दाढ म्हटलं की सगळे धावत येतात. काढू दे ना त्यांना. मग पत्र देतील." अर्जदारास बस रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. खरे बोलून काही मिळत नाही आणि खोटे बोलले की पांढरे कोट गोळा होतात, हे पोरीला आपल्या रुग्णालयात कळले, साहेब. गुरुवारी ती स्वतःच्या पायांनी त्या खुर्चीत जाऊन बसेल. तिला कोणी धरावेही लागणार नाही.

सबब विनंती की, गुरुवारची शस्त्रक्रिया आपल्या अधिकारात थांबवावी, कानातले काढून एक्स-रे पुन्हा घ्यावा आणि शाळेसाठीचे पत्र द्यावे. तसेच आपण स्वतः, किंवा आपल्याकडील कोणीही डॉक्टर, यांनी मुलीला समोर बसवून सांगावे की खाज खरी आहे, दाढ दुखते असे म्हणायची गरज नाही. अर्जदाराने हे तिला अनेकदा सांगून पाहिले. तिचे उत्तर ठरलेले आहे : "तू काय डॉक्टर आहेस, बाबा?"

आपल्या दोन शब्दांवर विसंबून असलेला,
अर्जदार
(मुलीचा बाप)

दिनांक : आज मंगळवार