ब्रेक माझ्याकडे

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.
आजपासून जीपची रोजनिशी. कुरखेड्यातल्या एका साध्या क्लार्कने एकट्याने जीप कशी घडवली, असं पुढे कोणी विचारलं तर पुरावा असावा. वही कोणाला दाखवायची नाही. बायकोला, कांताला, तर नाहीच.

जीप वनखात्याच्या लिलावातली. माझे सासरे बापूराव खात्यात ड्रायव्हर होते, त्यांनी हीच जीप सव्वीस वर्षं चालवली. बॉनेटवर रानगव्याने पाडलेला पोचा आहे, तो त्यांनी हात फिरवून ओळखला. त्यांचा एक डोळा गेलाय. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणाले, वर्षभर धरा. म्हाताऱ्याने एवढंच मागितलं की यंदा त्यांच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, या जीपमधून न्या. गाव चार किलोमीटर. मंडई २३ नोव्हेंबरला. सगळे पाहुणे जमलेले असतात, म्हणजे सगळे बघतील.

शब्द दिला. इंजिन ठणठणीत आहे. राहिले फक्त ब्रेक आणि स्टेअरिंग. पाच आठवडे आहेत. तेवढ्यात लोक घर बांधतात.

२० ऑक्टोबर.
पत्रू मेकॅनिक बघून गेला. म्हणतो, जुने ड्रम ब्रेकच ठेवा, आतली रबरं बदलून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. बापूराव खाटेवरून तेच म्हणाले. ज्यांनी जन्मभर ड्रम पाहिले त्यांना डिस्क काय कळणार.

डिस्क ब्रेकचा किट आणि पॉवर स्टेअरिंग ऑनलाइन मागवलं. कुठल्याही गाडीला बसतं, असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. जुने ड्रम शेजारच्या बुधरीबाईंना दिले. त्यांच्या कोंबड्या त्यात दाणे टिपतात.

याचा अजयशी संबंध नाही. अजय माझा साळा. त्याने नवी पांढरी गाडी घेतली, छताला खिडकीवाली. भेटला की विचारतो, "भाऊजी, सोडून देऊ का?" काही संबंध नाही.

२ नोव्हेंबर, रविवार.
किट आला. सूचना चिनी भाषेत आहेत, पण चित्रं आहेत. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मी बसलो होतो.

रोज सकाळी एक तास काम. ऑफिसच्या आधी. ठरलं.

३ नोव्हेंबर.
पाठ धरली.

८ नोव्हेंबर, शनिवार.
ब्रेक बसले! चार बोल्ट उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.

पाइपातली हवा काढायला कांताला पेडलवर बसवलं. मी 'दाब' म्हटलं की ती सोडते, 'सोड' म्हटलं की दाबते. तिचं म्हणणं नेमकं उलटं आहे. या वादात ब्रेक ऑइलची बाटली लवंडली. इथल्या दुकानात मिळालं नाही, गडचिरोलीहून सोमवारी येईल म्हणाले. सोमवारपर्यंत थांबणारी माणसं इतिहास घडवत नाहीत.

घरात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल होतं. कांता ते बापूरावांच्या गुडघ्यांना चोळते. आधी बाटली उन्हात ठेवते, मग चोळते. असते एकेकाची सवय. मी बारावी सायन्स आहे. तेल ते तेल. भरलं. भर दुपारी पेडल दाबून पाहिलं, लोण्यासारखं.

संध्याकाळी कांताने विचारलं, बाटली अर्धी काऊन झाली. मी मांजराचं नाव सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही, पण येऊ शकतं.

१५ नोव्हेंबर. सकाळी ६.३०.
थंडी वाढली. ब्रेकची प्रगती थक्क करणारी. व्हिडिओत सांगतात, पेडल लुसलुशीत असेल तर ब्रेक कच्चा. माझं पेडल दगड आहे. दोन्ही पायांनी दाबलं तरी हलत नाही. पत्रूने आयुष्यात असा कडक ब्रेक पाहिला नसेल.

दुपारी मात्र थोडं ढिलं पडलं. उन्हाचा दोष. मंडईला सकाळीच निघायचं, म्हणजे ब्रेक कडक मिळेल.

१६ नोव्हेंबर, रविवार.
स्टेअरिंग बसलं. ज्या बाजूने बसायला हवं होतं त्या बाजूने पट्टी आड येत होती, म्हणून पालथं बसवलं. अंगणात गाडी हलवून पाहिली. एक बारीक गोष्ट लक्षात आली. चक्र डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते.

बापूरावांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. त्यांनी चक्र दोनदा फिरवलं, चाकांचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "जवाईबापू, गाडी तुमच्यावानीच झाली. सांगावं एक, करते दुसरं."

कांता हसली. तिचे वडील आहेत, तिने हसायलाच हवं का?

१८ नोव्हेंबर.
खोलात विचार केला. स्टेअरिंग खोलण्यापेक्षा मेंदू बदलणं सोपं. शिवाय चोराने गाडी नेलीच तर दहा पावलांत नालीत जाईल. ही सुरक्षा महागड्या गाड्यांनाही नसते.

सराव सुरू. हातांची फुली करून सायकल चालवली. नालीत गेलो. बुधरीबाई धान कापून घरी येत होत्या. त्यांनी सायकल काढून दिली आणि काही विचारलं नाही. हा त्यांचा मोठेपणा.

२१ नोव्हेंबर.
पत्रू न बोलावता आला. म्हणतो, एक दिवस द्या, स्टेअरिंग सरळ करतो आणि कोंबड्यांजवळचे ड्रमही परत बसवतो. मी म्हटलं, आता उशीर झाला. तो म्हणाला, उशीर तर अजून व्हायचा आहे. मग ऑइलच्या डबीला नाक लावून विचारलं, इथी वडे तळून राह्यले का. मी सांगितलं, इम्पोर्टेड आहे.

बापूराव दोन दिवसांपासून दिवस मोजून राहिले आहेत. आज सकाळी विचारलं, परवाच ना? मी हो म्हटलं. मग जाऊन पेडल तीनदा दाबून आलो. सहजच.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.
सज्ज. डॅशबोर्डवर स्केचपेनने मोठ्ठं 'उलट' लिहिलंय. पेडल दगड. थंडी कडाक्याची, म्हणजे सगळं अनुकूल.

बापूराव पेटीतला खाकी ड्रेस घालून चारपासून तयार बसलेत. पितळी बिल्ला चिंचेने घासलाय. कांता म्हणाली, "बाबाले सुखरूप न्या. बाकी काही मागत नाई मी." एवढा अविश्वास चांगला नाही. पुढची नोंद मंडईतून.

सकाळी ७.१०.
मंडईतून नाही. किरकोळ अडथळा. सविस्तर नंतर.

संध्याकाळी ५.३०.
सविस्तर.

फाटकातून डावीकडे वळायचं होतं. म्हणजे चक्र उजवीकडे. मला पाठ होतं. तेवढ्यात समोरून अजयची पांढरी गाडी आली. तो आम्हाला बघायलाच आला होता. दचकलो आणि माणूस जसं फिरवतो तसं चक्र डावीकडे फिरवलं. जीप उजवीकडे सुटली. ब्रेकवर उभा राहिलो. अक्षरशः उभा. पेडल हललं नाही. समोर बुधरीबाईंनी कापून रचलेलं धानाचं पुंजणं होतं. आम्ही त्यात शिरलो. वेग सायकलपेक्षा जास्त नव्हता, कोणाला ओरखडा नाही. रेडिएटर मात्र गेला. इंजिन बंद.

बापूराव माझ्या शेजारी बसून होते. टोपीवर तणीस, मांडीवर लोंब्या. एकेक लोंबी उचलून बाजूला ठेवत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही.

पत्रूने येऊन ब्रेकचा पाइप खोलला. आतून तुपासारखा पांढरा गोळा निघाला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुंजण्याकडे बघत राहिलो. अजय म्हणाला, बाबा, माझ्या गाडीत बसा. अजिबात चिडवलं नाही त्याने, ते जास्त लागलं.

बापूराव म्हणाले, "जाईन तं याच गाडीत. नाई तं घरीच राह्यतो."

धानातून जीप ओढायला बुधरीबाईंनी बैल आणले. स्वतःचं धान वाचवायला आणले, त्यात उपकार नाही. बैलांनी जीप रस्त्यावर काढली. त्या दोर सोडायला वाकल्या, तोवर बापूराव चाचपत सरकून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले होते. म्हणाले, "बाई, सोडू नोको."

मग मंडईला गेलो. पुढे बुधरीबाई बैल हाकत. चक्रावर बापूराव. एका अंधुक डोळ्याने, उलट्या स्टेअरिंगवर, बैलांच्या मागोमाग त्यांनी जीप अशी नेली की चाक रस्त्याखाली उतरलं नाही. मी पाच दिवस सराव केला होता. त्यांनी अंगणात दोनदा चक्र फिरवलं होतं, तेवढंच.

ब्रेक नव्हतेच. वाटेत दोन उतार आणि एक नाला. बुधरीबाईंनी माझ्या हातात लाकडी गुटका दिला. उतार आला की धावत जाऊन चाकाखाली घालायचा, चढ आला की काढायचा. चार किलोमीटर. अजयची गाडी शेवटपर्यंत आमच्या मागे होती, ही नोंद महत्त्वाची. त्याला ओव्हरटेक जमलं नाही.

मंडईत लोक दोन्ही बाजूंना उभे राहिले. बापूरावांनी सगळ्या दुकानांसमोरून जीप नेली, हॉर्न दाबत. हॉर्न जुनाच आहे, त्याला मी हात लावला नव्हता. उतरताना कोणीतरी विचारलं, गाडी कशी आहे. म्हणाले, "गाडी मस्त आहे. ब्रेक तेवढा धापा टाकते." सगळे माझ्याकडे बघून हसले. बापूराव सगळ्यांत जास्त. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परतीला बापूराव आणि मी अजयच्या गाडीतून आलो. उद्या पत्रू बैलांनी ओढून जीप आणणार आणि ड्रम परत बसवणार. बुधरीबाईंना कोंबड्यांसाठी दुसरं भांडं द्यायचंय. त्यांचं पुंजणंही मीच रचून द्यायचं ठरलंय, असं कांताने मला न विचारता कबूल केलंय.

संध्याकाळी ७.
गुडघे सुजले. कांताने उरलेलं तेल आणलं. बाटलीत गोळा झाला होता. चुलीजवळ धरल्यावर पातळ झालं. म्हणाली, थंडीत हे गोठतेच, म्हणून तं रोज उन्हात ठेवावं लागते. लहान पोरालेही माहीत आहे.

पाच आठवड्यांत हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

पलीकडच्या खाटेवरून बापूरावांनी विचारलं, काय चाललं पोरी. कांता माझा गुडघा चोळत म्हणाली, "काई नाई बाबा. ब्रेकले तेल देऊन राह्यली."