हेरिटेज पार्कच्या गेटवरचा गोटा

सक्करदरा, नागपूर
शुक्रवार

प्रिय दादा,

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू ‘अगं वेडे, ऐक तर आधी’ म्हणतोस आणि मी ऐकत बसते. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून पुण्याच्या पत्त्यावर हे पाठवते आहे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासात स्पेशल काय घेणार, तो फॉर्म द्यायचा उद्या शेवटचा दिवस. प्राचीन भारत आणि पुरातत्त्व, मध्ययुगीन, नाहीतर आधुनिक. तीन चौकोन, त्यातल्या एकात खूण करायची. एवढ्याशा गोष्टीपायी मला सगळ्या माणसांचा वीट आला आहे. विभागप्रमुख सरांना विचारायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, प्राचीन घेऊन काय मडकी जोडत बसणार का तू? आधुनिक घे, एमपीएससीले तेच येते. वर्गातली पोरं तर सरांच्याही वरची. कोणत्या पेपरचं गाईड पातळ आहे, एवढाच त्यांचा प्रश्न. माणसं तुरुंगात सडली, फासावर गेली, ते सगळं यांना चार पर्यायांत घालून पाहिजे, बरोबर त्यावर गोल करायला. 

एकट्या चिन्मयी मॅडम जीव तोडून शिकवतात. तासिका तत्त्वावर आहेत, पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याचा भरवसा नाही, तरी शिकवतात. मागच्या थंडीत त्यांनी पडद्यावर शिळावर्तुळांचे फोटो दाखवले. मोठमोठ्या धोंड्यांचं गोल कडं, मधे पुरलेला माणूस, त्याच्यासोबत मडकी, लोखंडाची कुऱ्हाड, घोड्याचा लगाम. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं, आणि विदर्भात जागोजागी त्यांची अशी कडी. मी बाकावर ताठ झाले. दादा, ते आपले गवळ्याचे गोटे होते. बुटीबोरीच्या अलीकडच्या आपल्या वावरातले, नाल्याच्या अंगाचे, ज्यांना बाबा नेहमी वळसा घालून वखर फिरवायचे. तू मला एकेका गोट्यावर उभं करायचास आणि खाली उतरलीस तर गवळी ओढून नेईल म्हणायचास. मी रडायला लागले की मग खांद्यावर घ्यायचास. तिथंच बसून आपण तुरीच्या उकडलेल्या शेंगा खायचो. आपण कोणाच्या तरी छातीवर टरफलं टाकत होतो, हे कळल्यावर मला भीती नाही वाटली, जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी मी स्कूटी काढून एकटी वावरात गेले आणि फोटो काढले. ते फक्त तुला पाठवले. घरात बोलले नाही, कारण आपल्या घरात काही बोललं की चहा निवायच्या आत ते मारोतकाकांकडे पोचतं, आणि काकांना वावर दिसलं की विकायचे प्लॉट दिसतात. तुला लिहिलं होतं की मी प्राचीनच घेणार, मॅडम परीक्षेनंतर येऊन वर्तुळ मोजणार, मग पुरातत्त्व खात्याला कळवणार. तू उत्तर पाठवलंस, वा, आमची दीपू संशोधक झाली. किती वेळा वाचलं ते मी. तुला नाही तर कोणाला सांगणार होते? बारावीनंतर सगळे डी.एड. कर म्हणून मागे लागले होते, तेव्हा तिले इतिहास घ्यायचा आहे, घेऊ द्या, असं बाबांना तोंडावर सांगणारा घरात तू एकटाच होतास.

परीक्षा संपली त्याच आठवड्यात मी मॅडमना मागे बसवून घेऊन गेले. मे महिन्याचं ऊन, दोघींच्या तोंडाला दुपट्टे बांधलेले, मॅडमच्या पिशवीत मोजायची टेप आणि आईनं दिलेल्या पोळ्या. जाऊन पाहते तर वावरच नाही. बांध नाही, बाभळी नाहीत, नाला अर्धा बुजवलेला. सगळीकडे सपाट मुरूम आणि त्यावर चुन्याच्या रेघा. रस्त्याला टिनाचा बोर्ड, हेरिटेज पार्क, फेज वन. गोटे कडेला ढिगात पडले होते, त्यांच्यावर जेसीबीच्या दातांचे पांढरे ओरखडे. त्यातला सगळ्यात उंच गोटा गेटपाशी उभा केलेला, त्याला सोनेरी ऑईलपेंट फासलेला, आणि त्यावर लाल अक्षरात मारोतकाकांचा मोबाईल नंबर. घरी येऊन मी ओकले. आईला वाटलं लू लागली, तिनं तळपायाला कांदा चोळला. लू लागली नव्हती.

तिथं मॅडम त्या ढिगापाशी उकिडव्या बसल्या आणि एक खापर उचललं, आतून काळं, बाहेरून तांबडं. दुपट्ट्याच्या टोकानं ते पुसत त्यांनी विचारलं, तू कोणाला सांगितलं होतंस का गं? कोणालाच नाही, म्हटलं मी. आणि ते मनापासून म्हटलं, कारण तुला मी त्या कोणात धरतच नव्हते.

संध्याकाळी मारोतकाका चहाला आले. काहून तोडलं, एवढंच मी विचारलं. काका हसले. म्हणाले, पोरी, सरकारनं एकदा बोर्ड ठोकला का वावर आपलं राहते का वं? तुह्या दादानं, मोहितनं वेळेवर फोटो पाठवले म्हणून वाचलो, नाहीतर तुह्या मॅडमनं आम्हाले रस्त्यावर आणलं असतं. तुझं कौतुकच चाललं होतं त्यांचं, बशीतला चहा ओढता ओढता. बाबा चटईच्या काड्या उपटत बसले. आई उठून आत गेली. 

पण काकांचं पोट एवढ्यानं भरलं नव्हतं. त्यांना माहितीपत्रक छापायचं आहे, त्यात मी या जागेचा इतिहास लिहून द्यायचा आहे. तुले मार्क चांगले पडतात, पुरातन भूमी वगैरे दोन ओळी टाक, गिऱ्हाइकाले आवडते. कोणाचं घर पाडून त्याच माणसाला वास्तुशांतीला बोलवावं, तसला हा प्रकार. तेव्हापासून काका दिसले की माझ्या अंगावर शहारा येतो, आणि आपल्या घरात ते रोज दिसतात.

आता सगळे माझ्यावर भलतेच उदार झाले आहेत. तुले जे घ्यायचं ते घे बाप्पा, प्राचीन घे नाहीतर आणखी काही घे, असं बाबाही म्हणतात. काढून टाकायचं ते काढून झालं, आता मी कशाचाही अभ्यास केला तरी कोणाचं काही बिघडत नाही. तुझाही परवा मेसेज आला, तुला आवडेल तेच घे, मी आहे ना. फोटोंचा एक शब्द नाही त्यात. दादा, तू नेमका कुठे आहेस?

आणि ती साडी. तुला ठाऊक असेलच, वकिलानं सांगितलं आहे की वावर वडिलोपार्जित आहे, तुझीही सही लागेल आणि माझीही. तुझी विकायला आणि माझी हक्क सोडायला. आपल्या आत्यानं एका साडीवर सही दिली, आईनं तिच्या माहेरी तशीच दिली. ओटी भरायची, पुरणाचं जेवण घालायचं आणि जेवून हात वाळायच्या आत कागद पुढे करायचा. माझ्यासाठी मोरपंखी रंगाची आणली आहे, आईच्या कपाटात आहे. आई रोज म्हणते, घडी मोडून पाह्य तर खरी. दादाले पुण्यात फ्लॅट घ्यायचा आहे, त्याचं लग्न अडून राहिलं, तुले आम्ही तुह्या लग्नात काही कमी करणार आहो का वं? हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नाही, साडीकडे पाहते. मला तिची कीव येते आणि किळसही येते, आणि आईची किळस येते म्हणून मग स्वतःचीही येते. तुझी आली तेव्हा मात्र मी रडले.

पुढच्या बुधवारी तू सहीसाठी येणार, तिकीट काढलं आहे, असं आई म्हणाली. म्हणून हे पत्र स्पीडपोस्टनं, तू निघायच्या आत तुझ्या हातात पडावं. तिकीट रद्द कर. मी सही करणार नाही. गोटे परत उभे राहणार नाहीत हे मला कळतं, पण त्या मुरमावरचा एकही प्लॉट मी हक्क सोडला म्हणून विकला जाणार नाही. तुझा फ्लॅट अडेल, मुलीकडचे लोक विचारतील, त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. भांडायला यायचं असेल तर ये, मी घरीच आहे. फॉर्म मी आज दुपारी देऊन आले. प्राचीनला आम्ही तिघीच आहोत, सरांनी तोंड वाकडं केलं, करू दे. आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी मॅडम आणि मी पुन्हा तिकडच्या शिवारात हिंडलो. आणखी एक वर्तुळ सापडलं, झुडपांत दडलेलं, आपल्या वावरातल्याहून मोठं, एकही गोटा हललेला नाही. मला इतका आनंद झाला की सवयीनं फोन काढून तुझंच नाव उघडलं, फोटोही निवडले. मग फोन पर्समध्ये ठेवून दिला. ते कुठे आहे, हे मी तुला सांगणार नाही.

अजून तरी तुझीच,
दीपमाला